कलम सात आणि पंधराचा पाना

१० जानेवारी

प्रति,
सदस्य क्रमांक २ (सहसंस्थापक)

विषय: संस्थेची मालमत्ता परत करण्याबाबत

महोदया,

आपल्याकडे आपल्या सायकल-संस्थेची एक पिशवी आहे. खाकी, दोन बंदांची, उजव्या कप्प्याची चेन बिघडलेली. मागच्या मार्चमधल्या दोनशे किलोमीटरच्या फेरीनंतर आपण ती परत केलेली नाही. तिच्यात हातपंप, तीन ट्यूब, पंक्चरचं सामान, साखळी तोडायचं हत्यार, पंधराचा पाना, क्रेप बँडेज आणि एक वही होती. यंदाची फेरी सोळा मार्चला आहे, पंचविसावी. पिशवी त्याआधी मिळावी.

एवढंच लिहायचं होतं. पण 'आपण आपण' करून हात अवघडला, तेव्हा ताई, आता सरळ लिहितो.

फोनवर तू मला दहा महिने बंद करून ठेवलं आहेस. तुझ्या भावजयीला मात्र नाही. ती रोज अर्धा तास तुझ्याशी बोलते, आणि काय म्हणाली ताई असं विचारलं की म्हणते, "काही नाही, पाऊसपाणी." जानेवारीत कसलं पाऊसपाणी? म्हणून हे पत्र. पत्र बंद करता येत नाही.

मागच्या वर्षीचा प्रसंग तू लोकांना कसा सांगतेस ते माझ्या कानावर आलं आहे. काही दुरुस्त्या सुचवतो. मी तुझी नंबराची पाटी 'ओरबाडली' नाही. पक्कडीने दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापल्या, हँडलच्या रंगावर ओरखडा येणार नाही अशा बेताने. ते 'सगळ्या जगासमोर' झालं नाही. तिसऱ्या थांब्यावर, १२७.४ किलोमीटरला, पेट्रोल पंपाच्या हवा भरायच्या जागेपाशी झालं आणि तिथे फक्त एकोणीस माणसं होती. आणि मी 'आजारी बहिणीला' बाद केलं नाही. दोन्ही गुडघे नवे बसवलेल्या बाईला आजारी म्हणत नाहीत. तुझे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा बावन्न वर्षांनी लहान आहेत. मी बॅटरीच्या सायकलला बाद केलं. तिच्यावर तू बसली होतीस, हा योगायोग.

तरी तू थांबली नाहीस. तेवीस वर्षं या फेरीचं शेपूट तूच होतीस, सगळ्यांत मागे राहायचं आणि थकलेल्याला एकटं सोडायचं नाही. त्या दिवशीही पाटी नसताना उरलेले बहात्तर किलोमीटर मागूनच आलीस, पोटऱ्यांत गोळे आलेल्या केमिस्टला बरोबर घेऊन. मग भाऊजींच्या गाडीत सायकल टाकलीस आणि गेलीस. निकालाच्या यादीत मी तुझ्यापुढे 'सहभागी नाही' असं लिहिलं. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं.

पिशवी पाठव. वहीसुद्धा.

आपला,
सदस्य क्रमांक १
(संस्थापक, मार्गप्रमुख, तपासणीप्रमुख)


२ फेब्रुवारी

ताई,

पार्सल पोचलं. चिठ्ठीही पोचली. पाच शब्द लिहिलेस, मोठीच मेहरबानी. 'पंधराचा पाना माझा आहे. ठेवला.'

पाना तुझा नाही. दुसऱ्या वर्षी ८८ किलोमीटरला माझं पायडल सैल झालं तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात तो मी निवडला. तू फक्त हातात धरलास, आणि मग तेवीस वर्षं खाली ठेवला नाहीस. माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात पंधराचे चार पाने टांगलेले आहेत, तेव्हा प्रश्न पान्याचा नाही, तत्त्वाचा आहे.

वही वाचली नाही. चाळली. शेपटाच्या वहीत कोण कुठे थकलं एवढीच नोंद असेल अशी माझी समजूत होती. 'दाताची डॉक्टर १५२ ला रडली. केळं दिलं. कोणाला सांगायचं नाही.' ही नोंद आहे? वेळ कुठे, वेग कुठे? आणि चार वर्षांपूर्वीच्या पानावर 'धाकटा चढावर उजवा पाय चोरतो. विचारलं तर चिडेल' असं लिहिलं आहेस. मी चिडलेलो नाही. पाय चोरत नाही. त्याला शैली म्हणतात.

यंदा माझा धरून चौसष्ट अर्ज आले आहेत. त्यांतल्या नऊ जणांनी विचारलं, बॅटरीची सायकल चालेल का? एकाने तर 'चालायलाच हवी' असं लिहिलं, खाली तीन उद्गारचिन्हं. मी सगळ्यांना कलम सात पाठवलं. मागच्या वर्षी फेरीच्या आठ दिवस आधी लिहिलेलं तेच कलम. तू नवी सायकल घेतल्याचं कळलं त्याच आठवड्यात लिहिलं होतं, हाही योगायोग. माझं म्हणणं सोपं आहे. दोनशे किलोमीटर पायांनी जायचे असतात. वाटेत पाय म्हणतात की पुरे, आणि आपण म्हणतो की नाही. फेरी म्हणजे हे भांडण. मोटर मध्ये पडली की भांडणच मिटतं, मग माणूस घरून निघाला कशाला?

दुकानावर बोर्ड आहेच: 'इथे बॅटरीच्या सायकली दुरुस्त होत नाहीत.' तुझी भावजय म्हणते, समोरचा दुकानवाला दोन्ही दुरुस्त करतो आणि त्याच्याकडे बसायला स्टूल नसतं इतकी गर्दी असते. असू दे.

तुझं पार्सल आणणारी टपालवाली बाई बॅटरीच्या सायकलवर फिरते. म्हणाली, "मागचा ब्रेक लागत नाही हो." मी बोर्डाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "ब्रेकला कुठे बॅटरी लागते?" तर्क बिनचूक होता. केला ब्रेक. पण केलेलं काम तपासल्याशिवाय मी सोडत नाही, म्हणून पाण्याच्या टाकीच्या चढावर एकदा नेऊन आणली. खात्रीसाठी पुन्हा नेली.

तुझी भावजय तुला सांगेल की मी येताना हसत होतो. ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे चेहरा तसा दिसतो.

पाना पाठव.

धाकटा


२ मार्च, संध्याकाळ

ताई,

आज तपासणी होती. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. तुझी भावजय आत फोनवर आहे म्हणजे कळलंच असेल, तरी क्रमवार लिहितो.

कलम सात तुला पाठ असेल, तरी पुन्हा देतो. 'ज्या सायकलच्या कोणत्याही चाकात किंवा सांगाड्यात चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेलं कोणतंही यंत्र असेल, ती सायकल कोणत्याही कारणास्तव फेरीत घेतली जाणार नाही. तपासणीत बाद झालेली सायकल आणि तिचा स्वार त्या वर्षापुरते बाद.' तीनदा 'कोणतं' आलं आहे ते मुद्दाम. फट ठेवायची नव्हती.

हल्ली मोटर चाकाच्या मधल्या हबमध्ये अशी लपवतात की डोळ्याला दिसत नाही. मी उपाय शोधला: होकायंत्र. चाकाजवळ धरायचं. सांगाडा लोखंडी असेल तर सुई नुसती थरथरते, चाकात चुंबक असेल तर गरकन फिरते. मी कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते उघडून शिकलो. तरी सांगतो, ही युक्ती एखाद्या इंजिनिअरला सुचली असती तर त्याने चार ठिकाणी भाषण केलं असतं.

सकाळी शाळेच्या मैदानावर त्रेसष्ट सायकली तपासल्या. दोघांनी मुकाट्याने आपापली बॅटरी काढून दाखवली, मी त्यांना साध्या सायकली आणायला लावल्या, कारण तपासणी सुरू व्हायच्या आधी त्यांनी कबूल केलं होतं. म्हणजे मी निर्दय नाही. सगळं सुरळीत होतं. मग दाताची डॉक्टर म्हणाली, "आता तुमची."

"माझी कशाला?"

"कलम सगळ्यांना आहे ना?"

"आहेच. बघा खुशाल."

तिने होकायंत्र माझ्या पुढच्या चाकाजवळ नेलं, आणि ताई, सुई अशी फिरली की केमिस्ट दोन पावलं मागे सरला.

डायनामो. पुढच्या हबमधला डायनामो. बाकी सगळे चार्जिंगचे दिवे लावतात, डायनामो वापरणारा मी एकटाच. चुंबक आहे, वेटोळं आहे, चाकात आहे. मी म्हटलं, "अहो, हा वीज तयार करतो. पायांकडून घेतो, पायांना देत नाही!"

डॉक्टर म्हणाली, "कलमात घेण्यादेण्याचं काही लिहिलेलं नाही. 'कोणतंही यंत्र' असं आहे. 'कोणत्याही कारणास्तव' असं आहे. अक्षर तुमचंच ना?"

अक्षर माझंच. सुवाच्य.

इथवर ठीक होतं. पण तिने नियमांची वही मागे उलटत नेली. पहिलं पान. पंचवीस वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं. 'नियमात बदल करायचा असल्यास क्रमांक १ आणि क्रमांक २ या दोघांच्या सह्या लागतील.' मग कलम सातचं पान. खाली दोन रेघा, वर एकच सही.

"दोन नंबरची सही?"

"राहिली."

"किती दिवस राहिली?"

"एक वर्ष."

केमिस्ट तसा कधी बोलत नाही. तो म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्षी ताईंची पाटी कापली, तेव्हा कलम नव्हतंच?"

डॉक्टरने वही मिटली. म्हणाली, "कलम खरं असेल तर तुम्ही बाद. कलम खोटं असेल तर तुम्ही चुकलात. बोला, कुठला निकाल काढू?"

तुझी भावजय पाण्याच्या बाटल्या वाटत होती. तिथून ओरडली, "दोन्ही काढा!"

चौसष्ट माणसं हसली. त्यात मी धरलेला नाही.

चाक मी अकरा मिनिटांत बदलू शकतो. साधं चाक दुकानात टांगलेलं आहे. पण बाद म्हणजे बाद, आणि ते वाक्यही माझंच. दुपारी दुकानात येऊन नुसता चाकाकडे बघत बसलो. डायनामो तू आणला होतास, ज्या वर्षी शेवटच्या दहा किलोमीटरला माझा दिवा गेला त्या वर्षी. चाक आपण दोघांनी विणलं, छत्तीस स्पोक, मी चार वेळा चुकलो आणि तू चारही वेळा चहा केलास. दिवा लागला तेव्हा म्हणालीस, "पुढचं तुला दिसू दे. मागचं मी बघते."

हे मला दुपारी आठवलं. नोंद म्हणून लिहितो.

धाकटा


५ मार्च

ताई,

सोबत दोन कागद आहेत. नीट वाच.

कागद अ: कलम सात मागच्या वर्षापासून मंजूर. तू सही केलीस तर माझं वागणं नियमाला धरून ठरतं, आणि मी यंदाच्या फेरीतून बाद होतो. पंचविसाव्या.

कागद ब: कलम सात कधी नव्हतंच. तू सही केलीस तर मी फेरीत आहे, आणि मागच्या वर्षी १२७.४ ला मी विनाकारण आपल्या थोरल्या बहिणीची पाटी कापली असं वहीत कायमचं राहतं.

निर्णय सर्वस्वी तुझा. माझा कोणत्याही कागदाकडे कल नाही. परतीच्या दोन पाकिटांपैकी फक्त 'ब' च्या पाकिटाला तिकीट लावलेलं दिसेल, ते तिकिटं संपल्यामुळे. टपालवाली रोज दारावर येते हे मला माहीत आहे. तू त्यावर बोलायची गरज नाही.

दुसरी एक गोष्ट लिहायची नव्हती, पण तुझी भावजय म्हणते की ती नाही लिहिलीस तर मी फोनवर सांगते, आणि ती मीठमसाला लावते. गेल्या महिन्यात सरावाची फेरी झाली. शेपूट नव्हतं. दोघांना विचारलं, दोघंही म्हणाले, मागे राहायचं तर यायचं कशाला? बेकरीवाला यंदा पहिल्यांदाच येतो आहे, जाड आहे, पण जिद्दी. तो मागे पडला, ६१ ला उजवीकडे वळायचं ते सरळ गेला आणि चौदा किलोमीटर चुकीच्या दिशेने चालवत राहिला. आम्ही सगळे पोचून, चहा पिऊन, एकमेकांची पाठ थोपटून घरी गेलो. तो कोंबड्यांच्या टेम्पोतून परत आला. मी यादीत त्याच्यापुढे 'अपूर्ण' लिहिलं. त्याने दुसऱ्या दिवशी दुकानात पाव आणून दिला आणि विचारलं, "साहेब, मी किती मागे होतो?"

मला सांगता आलं नाही. सेकंदापर्यंत वेळा लिहिणारा माणूस मी. पण मागे वळून बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून एक विचार डोक्यात फिरतो आहे, तोही उघडून बघितला. शेपटाने दोनदा मागे जायचं, तीनदा पुढे यायचं, एखाद्याची पिशवी घ्यायची, एखाद्याला वाऱ्याच्या आड धरायचं. दोनशेचे दोनशे तीस होतात. आणि एवढं करून यायचं शेवटी. ज्याला कोणाच्याही पुढे जायचं नाही, त्याच्या सायकलला मोटर असली तर तो फसवतो कोणाला?

हा प्रश्न आहे. कबुली नाही.

सही कर.

धाकटा


१८ मार्च

ताई,

तू काल भाऊजींबरोबर गेलीस, परवा दिवसभर आपण एकत्र होतो, फोनही तू चालू केला आहेस. तरी फेरीचा अहवाल लेखी द्यायचा असतो.

तुझं पाकीट तेरा तारखेला आलं. तिकीट तू स्वतः लावलेलं. कागद अ, खाली सही, तिच्याखाली तुझं ते गिचमिड अक्षर: 'नियम मंजूर. तू बाद, मी बाद. शेपूट यादीत नसतं. सहाला येते.'

दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. तुझ्या भावजयीने ते फोनवर तुला 'घरात शांतता आहे' असं सांगितलं, ऐकलं मी.

सहाला तू आलीस. मी विचार केला होता की काहीतरी म्हणेन. तू म्हणालीस, "पंपात हवा आहे का?" पंपात हवा असते का ताई, पण मी म्हटलं, "आहे." विषय संपला.

पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदा मागून निघालो. अहवालात लिहितो की मागे फार गर्दी असते. पुढे माणूस आणि त्याचा वेग, बास. मागे केमिस्ट बोलतो! गप्प केमिस्ट ७० किलोमीटरनंतर थांबत नाही, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. ६१ च्या वळणावर बेकरीवाल्याने हात दाखवून वळण घेतलं आणि आपल्याकडे बघून असं डोकं हलवलं, जणू वळण त्यानेच बांधलं आहे. ९५ ला त्याची ट्यूब गेली. तुझ्या पिशवीतली पहिली. ११० ला दुसरी.

१२७.४ ला, हवा भरायच्या जागेपाशी, मी खिशातून तुझी दोन नंबरची पाटी काढली. ती वर्षभर स्पोकच्या खणात होती, कोणाला दिली नव्हती. दोन नव्या पट्ट्या आणल्या होत्या. तू म्हणालीस, "आपण यादीत नाही ना?"

मी म्हटलं, "यादीत नाही. सायकलवर आहे." आणि बांधली. पट्टीची टोकं कापायला पक्कड आणली होती, पण काढली नाही. टोकं लोंबकळत राहिली. मला ते दिसतं अजून.

आता १४१ ते १४६. हा भाग संस्थेच्या प्रतीत नाही, फक्त तुझ्या प्रतीत.

चढ लागला आणि मी मागे पडलो. तू वळून आलीस. म्हणालीस, "गुडघा?"

"साखळी."

"साखळी लंगडत नाही रे."

मग पाठीवर तुझा हात आला. पाच किलोमीटर होता. मला ढकललं असं मी म्हणणार नाही. हात ठेवला होतास. त्या हातामागे अडीचशे वॅट होते, एवढंच. वरच्या बाजूला बेकरीवाल्याने मागे बघितलं तेव्हा तू हात काढून घेतलास आणि जोरात म्हणालीस, "काय धाप लागली बाई मला!" मोटरवर बसून. त्याने विश्वासही ठेवला.

पाय म्हणत होते पुरे, आणि मी म्हणत होतो नाही. भांडण मिटलं नाही. फक्त माझ्या बाजूने कोणीतरी उभं राहिलं.

शेवटी अहवाल. त्रेसष्ट निघाले, त्रेसष्ट पोचले. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, मी सगळ्या वह्या काढून पाहिलं. शेवटचा बेकरीवाला, तेरा तास बावीस मिनिटं, मुदतीच्या आठ मिनिटं आधी. शेपटाची वेळ नोंदवत नाहीत. नोंदवली असती तर तेरा तास बावीस मिनिटं अकरा सेकंद झाली असती.

कलम सातच्या जागी कलम आठचा मसुदा केला आहे. 'बॅटरीची सायकल फेरीत चालेल. मात्र ती त्या दिवशीच्या सगळ्यांत हळू माणसाच्या पुढे जाणार नाही.' डॉक्टरला दाखवला. तिने दोनदा वाचला, फट शोधली, सापडली नाही. म्हणाली, "नऊच्या नऊ जण शेपटाला लागले तर शेपूट अंगापेक्षा मोठं होईल." मी म्हटलं, होऊ दे. बेकरीवाला हरवणार तर नाही. पण कलमाला दोन सह्या लागतात. यावेळी टपालाने नको. मागे काय झालं ते आपण पाहिलं.

आणखी एक. तुझ्या सायकलमधून टक्-टक् असा आवाज येतो. मी १४१ पासून ऐकत होतो, पाच किलोमीटर दुसरं काही ऐकायला नव्हतं. मागच्या वर्षीही येत होता, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की हा मोटरचा दोष, असल्या यंत्रांचं असंच असतं. तपासाअंती कळवतो की मोटर निर्दोष आहे. आवाज डाव्या पायडलचा आहे. सैल झालंय, असंच चालवलंस तर आटे जातील.

दुकानावरचा बोर्ड रंगवायला काढला आहे. नवा काय लिहायचा ते ठरलेलं नाही, तोवर कोणतीही सायकल आली तर नाही म्हणायला माझ्याकडे काही लेखी नाही. रविवारी ये. पायडल काढायला पंधराचा पाना लागतो.

तो तुझ्याकडे आहे. घेऊन ये.

तुझा,
धाकटा